यंत्राची हजेरी

पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोडणीची टोळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की, ‘किती माणसे?’ म्हणून विचारले तर मुकादम ‘वीस कोयते’ असे सांगतो. एक कोयता म्हणजे बहुधा नवराबायकोची जोडी. तेव्हा माणसे झाली चाळीस. नवखा मनुष्य मात्र विसांच्याच पाण्याची सोय करून मोकळा होतो! संगणकाच्या पोटात असाच घोटाळा होऊ शकतो.

संगणक सुरू होताच प्रथम बायोस हा चिपमध्ये कायमचा भरलेला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो पुढे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे, कारभार सोपवितो. कोणत्या कामाला किती मेमरी द्यावयाची हे कर्नेलने ठरवावयाचे. परंतु मुळात मेमरी किती आहे? ती कमी धरली तर पैसे मोजून घेतलेली जागा निजून राहते. जास्त धरली तर नसलेल्या पानावर हिशेब लिहिला जातो आणि यंत्र कोसळते.

कोणी म्हणेल, कर्नेलने स्वतःच मोजावे. प्रत्येक जागी आकडा लिहून परत वाचून पाहावा. असे करीतही असत. पण काही पत्त्यांवर मेमरी नसून एखाद्या कार्डाचे ठाणे असते, तेथे भलते लिहून चालत नाही. शिवाय रिकाम्या तारांवर नुकताच लिहिलेला आकडा क्षणभर रेंगाळतो, आणि गैरहजर मेमरी ‘हजर’ म्हणून ओ देते. म्हणून बायोसला विचारणेच बरे.

आता विचारावे कसे? १९८२ च्या २८६ प्रोसेसरची झेपच १६ मेगाबाइटची. त्या काळच्या प्रश्नाचे उत्तर किलोबाइटमध्ये, सोळा द्विमान अंकांत मिळे. त्यात ६४ मेगाबाइटच्या वरची संख्या मावतच नाही. १९८५ चा ३८६ मात्र ४ गिगाबाइटपर्यंत पोहोचणारा! मग दुसरा प्रश्न निघाला. त्याच्या उत्तरात दोन आकडे येतात: १६ मेगाबाइटखालचा किलोबाइटमध्ये, आणि वरचा ६४ किलोबाइटच्या तुकड्यांत. येथे आमचा कोयता आठवावा. ई-८२० या तिसऱ्या प्रश्नाला तर सातबाऱ्यासारखा उताराच मिळतो: इथून इथवर मोकळी, इथून इथवर राखीव. लिनक्सचा कर्नेल जुन्या धर्तीच्या बायोसला तिन्ही प्रश्न विचारतो, आणि तेही प्रोसेसरला संरक्षित अवस्थेत नेण्यापूर्वी. कारण पलीकडे गेल्यावर बायोसशी सरळ बोलता येत नाही.

२००१ च्या सुमारास आमच्या युनियनच्या कचेरीत कोणी टाकून दिलेले यंत्र आले. इकडूनतिकडून जमवून ९६ मेगाबाइट मेमरी बसविली, तरी लिनक्सची जुनी प्रत ६४ च म्हणे. चिप खराब समजून ती विकणाऱ्याशी मी हुज्जत घातली. आज त्याची शरम वाटते. अखेर तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या एका पोराने आरंभीच्या ओळीत ‘मेम बरोबर ९६ एम’ असे लिहिले, आणि यंत्राने निमूट मान्य केले. त्या प्रतीला पहिलाच प्रश्न येत होता. त्याने चुकून १२८ लिहिले असते, तर तेही खरे मानून यंत्र तोंडघशी पडले असते.

हे जुने प्रश्न सांभाळणे फुकटचे नव्हे. लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिनक्स रचले ते ३८६ वरच. पण ‘या पानावर लिहू नये’ हा मेमरीवरचा मनाईहुकूम ३८६ खुद्द कर्नेलला लागू करीत नसे. ४८६ पासून ती सोय झाली. त्यामुळे सुरुवातीला हुकूम पाळला जातो की नाही याची परीक्षा घ्यावी लागे, आणि न पाळणाऱ्यांसाठी निराळी वाट राखावी लागे. २०१२ च्या डिसेंबरात ३८६ चा आधार काढून टाकण्यात आला. २०२५ साली ४८६ बाबतही तसाच प्रस्ताव पुढे आला. जुन्या माणसाला कमी केले की मी दाराशी उभा राहतो. पण येथे ती निराळी वाट वर्षानुवर्षे झाडणारेही कामगारच होते, हे मला नाकारता येत नाही. जुन्या आवृत्त्या मात्र कोणी परत घेतलेल्या नाहीत. ज्याच्याकडे ३८६ असेल त्याला त्या आजही चालविता येतात.