हलव्याचे दागिने

विवाहानंतरची पहिली संक्रांत जवळ आली म्हणजे महाराष्ट्रांतील अनेक घरांत सोनाराकडे न जातां दागिने घडविण्याची तयारी सुरू होते. या दागिन्यांचें मुख्य सामान वाण्याच्या दुकानांत मिळतें : साखर, तीळ, खसखस व चमचाभर दूध. त्याला दोरा, पुठ्ठा आणि जर यांची जोड दिली कीं भांडवल पुरें झालें. नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवावयाची, तिच्या अंगावर पांढऱ्या शुभ्र दाण्यांचे हार, नथ, बाजूबंद, बांगड्या, कमरपट्टा आणि बिंदी घालावयाची, मुलाच्या हातांत हलव्यानें मढविलेला नारळ द्यावयाचा आणि मग सुवासिनींना हळदीकुंकवास बोलवावयाचें, असा हा सोहळा असतो. काळ्या वस्त्राची निवड सहेतुक आहे. काळा रंग ऊन शोषून घेतो, म्हणून थंडींत तो उबदार. आणि साखरेची शुभ्रता काळ्यावर जितकी खुलते तितकी दुसऱ्या कोणत्याही रंगावर खुलत नाहीं.

एरवीं ज्या घरांत सून सर्वांची उठबस करते, त्याच घरांत या एका निमित्तानें सासू, चुलतसासू व नणंदा तिच्यासाठीं शेगडीपुढें बसतात, हेंही ध्यानांत घेण्याजोगें आहे.

हाच थाट लहान मुलांच्या बोरन्हाणाचा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या एखाद्या दिवशीं मुलाला काळें झबलें घालून पाटावर बसवितात, हलव्याचा मुकुट, हार आणि बासरी यांनीं बाळकृष्णासारखें सजवितात, आणि बोरें, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे व हलवा त्याच्या डोक्यावरून ओततात. खालीं पडलेलें लुटण्यासाठीं शेजारपाजारचीं मुलें टपलेलीं असतातच.

येथें हलवा म्हणजे गाजराचा किंवा दुधी भोपळ्याचा नव्हे. तिळाच्या दाण्यावर साखरेच्या पाकाचीं एकावर एक पुटें चढवून त्याला कांटे आणलेले असतात, तो हा हलवा. त्याची कृति दोन ओळींत सांगतां येते आणि साधतां साधतां दोन हिंवाळे जातात. साखर बुडेल इतकें पाणी घालून ती उकळावयाची, उकळी येतांच चमचाभर दूध घालून वर आलेली मळी काढून टाकावयाची, आणि पाक गाळून घ्यावयाचा. तो एकतारीच्या आसपास असावा. मग मंद निखाऱ्यांवर परात ठेवून तींत निवडलेले तीळ कोमट करावयाचे, त्यांवर चमचाभर पाक सोडावयाचा आणि बोटांनीं ते गोल गोल फिरवीत राहावयाचें. तो चमचा पूर्ण सुकल्याखेरीज दुसरा घालावयाचा नाहीं. पहिल्या कांहीं तासांत तीळ नुसते पांढुरके होतात, आणि नवशिकी येथेंच कंटाळते. दुसऱ्या तिसऱ्या दिवशीं दाणा फुगतो, त्याच्या अंगावर बारीक खरखर जाणवूं लागते, आणि मग एखाद्या सकाळीं परातींत कांटे दिसूं लागतात. मधून मधून चाळणीनें साखरेची भुकटी काढून टाकावी लागते. ती राहिली तर दाणे एकमेकांस चिकटून गोळे होतात. विस्तव वाढला तर पाक पिवळा पडतो, आणि हलव्याची सारी शोभा त्याच्या शुभ्रतेंत आहे. करणारणीच्या बोटांना चटके बसतात, तीं साखरेनें खरबरीत होतात. चमच्यानें ढवळून मात्र हाताची सर येत नाहीं, कारण दाणा ओला किती आणि सुका किती हें बोटांनाच कळतें.

हे कांटे येतात कसे? वीस अंश सेंटिग्रेडच्या १०० ग्रॅम पाण्यांत सुमारें २०० ग्रॅम साखर विरघळते. उकळत्या पाण्यांत तेंच प्रमाण ४८० ग्रॅमांच्या वर जातें. दाट पाक कोमट दाण्यावर पडतांच थंड होऊं लागतो, त्यांतील पाणी उडतें आणि जादा झालेली साखर स्फटिकरूपानें दाण्यावर बसते. पहिल्या पुटांत योगायोगानें जेथें लहानसा उंचवटा झाला असेल, तो परातींत लोळतांना ओल्या पाकाला इतर भागांच्या आधीं लागतो, आणि चोहोंकडून वारा लागत असल्यामुळें सुकतोही आधीं. म्हणून उंचवटा वाढत जातो आणि खळगा मागें राहतो. पाक एकदम पुष्कळ ओतला तर तो खळगेही भरून काढतो आणि दाणा गुळगुळीत होतो. थेंब थेंब पाक घालण्यांतलें मर्म तें हेंच. या पाकांत लिंबू कधींही पिळूं नये. आम्लानें साखरेचा कांहीं भाग ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विभागला जातो, आणि त्यांच्या उपस्थितींत स्फटिक नीट धरत नाहींत. गुलाबजामाच्या पाकाला जें हितकर तें येथें घातक. हवाही कोरडी हवी, म्हणून पौषांतील थंडी हाच या कामाचा हंगाम.

साखरेचे कांटे ही केवळ महाराष्ट्राची मिरास नव्हे. जपानांत कोंपेइतो नांवाची अशीच कांटेरी मिठाई आहे. तें नांव पोर्तुगीज भाषेंतील कोंफेइतो या शब्दावरून आलें आहे, आणि १५६९ मध्यें लुईश फ्रॉइश या जेझुइट धर्मोपदेशकानें ओदा नोबुनागा या सरदारास ती भेट दिल्याची नोंद आहे. पूर्वीं तिच्या गाभ्यांत खसखस असे. आजही तिरप्या, फिरत्या, तापलेल्या कढईंत ती तयार होण्यास सुमारें दोन आठवडे लागतात. तोराहिको तेरादा (१८७८–१९३५) या भौतिकशास्त्रज्ञानें तिच्यावर निबंध लिहिला : साखर सर्व बाजूंनीं सारखी बसून गोल गोळी कां होत नाहीं, शिंगें कां फुटतात, हा प्रश्न त्याला मोलाचा वाटला. आपल्याकडील शेगडीपुढें बसणाऱ्यांना तो रोजचाच होता. लिहून ठेवण्याची सवड मात्र त्यांना नव्हती.

दागिना घडवितांना या कांट्यांचा खरा उपयोग होतो. हलव्याचा दाणा सुईनें टोंचला तर फुटतो. म्हणून दोऱ्याचा फांस करून त्यांत दाणा अडकवितात, गांठ मारतात, आणि पुढचा दाणा घेतात. कांट्यांच्या बेचक्यांत दोरा रुतून बसतो, गुळगुळीत गोळी मात्र निसटते. नथीला खसखशीचा बारीक हलवा लागतो, हाराला तिळाचा, मोठ्या मण्यांना साबुदाण्याचा किंवा शेंगदाण्याचा, आणि लोंबत्या पदकांना लवंगेवर चढविलेला लांबट. रंग हवाच असेल तर पाकांत केशर पुरें. ओवलेले सर मग जरीच्या कागदानें मढविलेल्या पुठ्ठ्यावर शिवतात. येथें हात आंवरता ठेवणें हेंच कौशल्य. दाण्यापेक्षां जर जास्त दिसूं लागली कीं दागिना हलव्याचा राहत नाहीं, बेगडीचा होतो.

आतां बाजारांत तयार दागिने हवे तितके मिळतात आणि हलवा यंत्रावरही होतो. ज्या घरांतील स्त्रिया दिवसभर कचेरींत असतात त्यांनीं चार सकाळी परातीपुढें घालवाव्यात असा आग्रह धरणें अन्यायाचें होईल. मात्र विकतच्या दागिन्यांत दाणे पुष्कळदां डिंकानें किंवा तत्सम पदार्थानें चिकटविलेले असतात. ते खाण्याचे नव्हेत, हें विसरूं नये. हलवा विकत आणून ओवण्याचें काम तेवढें घरीं करणें हा मधला मार्ग सुखाचा आहे. दुपारीं चार जणी बसल्या तर एक साधा हार सहज होतो.

बोरन्हाणाच्या बाबतींत मात्र सावधगिरी अवश्य हवी. पांच वर्षांखालील मुलाच्या घशांत टणक गोळी किंवा शेंगदाणा अडकण्याचा धोका खरा असतो, आणि नेमक्या त्याच वयाच्या मुलाच्या गळ्यांत आपण हे दाणे घालतों. मुलाला सजवावें, हौसेनें न्याहाळावें, आणि दागिना तोंडाकडे जाण्यापूर्वीं उतरवून ठेवावा. सर मजबूत दोऱ्याचा व शिवलेला असावा. डोक्यावरून ओतण्याच्या मापांतून हलवा व शेंगदाणे वगळून चुरमुऱ्यांचें प्रमाण वाढविलें तर लूट कांहीं कमी होत नाहीं. बोरें व उसाचे करवे मोठ्या मुलांच्या हातांत द्यावेत, पाटावरच्या बाळाच्या नव्हे.

समारंभ आटोपल्यावर दागिने कोरड्या डब्यांत, पातळ कागदांत गुंडाळून ठेवावेत. मृग बरसल्यावर झांकण उघडें राहिलें तर आठवड्याभरांत कांटे विरघळून दाणे पाणावतात. पुष्कळ घरांत तितकी वाटच पाहत नाहींत. रथसप्तमी झाली कीं दोरे कापून हलवा वाटीत काढतात, आणि नथीची खसखस तेवढी शेवटीं तळाशीं उरते.