बंगालचा हिवाळा आणि विलायती बियाणे

कोलकात्याचा हिवाळा अल्पायुषी असतो. नोव्हेंबरात हवा कोरडी होऊ लागते, जानेवारीत रात्रीचे तापमान १४ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते आणि फेब्रुवारी सरता सरता उन्हाळा दाराशी येतो. कोबी, फुलकोबी व वाटाणा यांचे पीक एवढ्याच अवधीत साधावे लागते.

शेती व बागाईत यांच्या सुधारणेसाठी १८२० च्या सप्टेंबरात विल्यम कॅरे यांनी या शहरी जी सभा स्थापन केली, ती ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी या नावाने अलीपूर येथे अद्याप नांदत आहे. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साह्याने मराठीचे व्याकरण (१८०५) व कोश (१८१०) सिद्ध करणारे ते हेच कॅरे. श्रीरामपूर येथील त्यांची स्वतःची बाग १८२३ च्या महापुरात उद्ध्वस्त झाली. ती त्यांनी पुन्हा उभी केली. सभेची दारे हिंदी गृहस्थांसही खुली होती. राधाकांत देव हे तिचे उपाध्यक्ष होते. सभा परदेशांतून बियाणे मागवून ते सभासदांस वाटीत असे आणि उत्तम भाजी पिकविणाऱ्या माळ्यांस बक्षिसे देत असे. (बक्षीस मालकास नव्हे, माळ्यास, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.)

खरी अडचण बियाण्याचीच होती. बी म्हणजे निद्रिस्त गर्भ. तो मंद श्वसन करतो व त्यासाठी आपलाच अन्नसाठा खर्च करतो. उष्णता व ओल वाढली की हा खर्च वाढतो. स्थूलमानाने, बियातील ओल १ टक्क्याने घटविली तर त्याचे आयुष्य दुप्पट होते. आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने प्रवास केलेले, जहाजाच्या दमट पोटातील बी वाफ्यात पडले तरी पुष्कळदा उगवत नसे, आणि दुसरे मागवावे तर तोपर्यंत थंडी सरलेली असे.

फुलकोबीपुरता हा प्रश्न सुटला तो निवडीमुळे. विलायती फुलकोबीचा गड्डा धरण्यास १० ते १६ अंशांची थंडी लागते. उबेतही गड्डा धरणाऱ्या झाडांचेच बी राखीत गेल्याने पिढ्यान्‌पिढ्यांनी हिंदी जाती निपजल्या. त्यांतील हळव्या जाती २० ते २७ अंशांतही गड्डा धरतात व मैदानातच बी देतात. कोबी मात्र अडून राहिला. बंगालमध्ये त्याचा गड्डा उत्तम होतो, परंतु फुलोऱ्यास लागणारी दीर्घ थंडी तेथे मिळत नाही. म्हणून त्याचे बी डोंगरी प्रदेशांतून आणावे लागते.

हौशी नागरिकांचा जीव आज अधिक जडला आहे तो शेवंतीवर. बंगालीत तिला चंद्रमल्लिका म्हणतात. गच्चीवरील कुंड्यांस मोहरीची पेंड कुजविलेले पाणी घालतात. त्याचा दर्प शेजाऱ्यांनी सोसावयाचा असतो! शेवंतीस कळी धरण्यासाठी लांब, अखंड रात्र हवी असते. रस्त्यावरील दिव्याचा उजेड पडत राहिला तर कळी लांबणीवर पडते. म्हणून तशी कुंडी सायंकाळी अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवावी.