इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, पुढे काय?

मुलगी इंग्रजी घेऊन बी.ए. झाली, आता तिचे पुढे काय करायचे, हा प्रश्न आपल्या पेठांतून आणि कारखान्यांतून हल्ली वारंवार ऐकू येतो. मुलगा बी.कॉम. झाला तर हिशेब पाहील, आय.टी.आय. झाला तर यंत्र दुरुस्त करील. पण नाटके-कविता वाचून गल्ल्यात काय पडणार, असे बापाला वाटते. हे वाटणे अगदीच चुकीचे नाही. इंग्रजीची पदवी म्हणजे काही हातचे कसब नव्हे. तिला दुसऱ्या एखाद्या कामाची जोड द्यावी लागते.

सर्वांना ठाऊक असलेली वाट शिक्षकाची. त्यासाठी पदवीनंतर दोन वर्षांचे बी.एड. करावे लागते. पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी टी.ई.टी. आणि अनुदानित शाळेत लागायचे तर अभियोग्यता चाचणीही द्यावी लागते. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर एम.ए.ला ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गास सवलत आहे) आणि नेट किंवा सेट. खासगी इंग्रजी शाळेत जागा लवकर मिळते, पण पगार अनेक ठिकाणी तुटपुंजा असतो, हे आधीच समजून घ्यावे. बँकेच्या अधिकारी पदाच्या परीक्षेला कोणताही पदवीधर बसू शकतो आणि तिथे इंग्रजीचा विभाग असतोच. तीन वर्षांच्या एलएल.बी.ची वाटही खुली आहे. नोटिसा, करारनामे, भागीदारीची कागदपत्रे हे सगळे शेवटी नेमके लिहिण्याचेच काम. न्यायालयांत अनुवादकांची पदे असतात. पुण्याकडच्या यंत्र व सॉफ्टवेअर कंपन्यांत माहितीपुस्तिका लिहिणारे लागतात.

आता लेखनाविषयी. ज्याला कथा-कविता लिहायची हौस आहे, त्याने पोटाचा धंदा वेगळा ठेवावा. ख्वाजा अहमद अब्बास अलीगढहून इंग्रजी साहित्य घेऊन १९३३ साली बी.ए. झाले, मग वकिलीची पदवी घेतली आणि मुंबईत येऊन वृत्तपत्रात लागले. ‘आवारा’ आणि ‘श्री ४२०’ यांच्या पटकथा त्यांच्या नावावर आहेत, पण वृत्तपत्रातले साप्ताहिक सदर त्यांनी १९८७ साली मृत्यू येईपर्यंत सोडले नाही. मुंबईचे इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल यांनी जाहिरातीच्या कचेरीतही काम केले आणि पुढे अनेक वर्षे महाविद्यालयात शिकवले. शिकायचेच असेल तर पुण्याच्या फिल्म संस्थेत पटकथालेखन शिकवतात. ‘इग्नू’मध्ये इंग्रजी सर्जनशील लेखनाची पदविका आणि अनुवादाची पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने करता येते, म्हणजे दुकान सांभाळूनही जमते.

एक इशारा मात्र द्यायला हवा. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि नुसते गुळगुळीत इंग्रजी लिहून देण्याची मजुरी घसरू लागली. तसले इंग्रजी आता यंत्र क्षणात लिहून देते. यंत्राला काय येत नाही? ते आपल्या कारखान्यात येऊन बसत नाही. आपल्या घरचा पदवीधर इथेच उपयोगी पडतो आणि नेमके हेच आपल्या ध्यानात येत नाही.

मिरजेचे उदाहरण घ्या. तिथल्या शिकलगार घराण्यांचे मूळ काम हत्यारांना धार लावण्याचे. एकोणिसाव्या शतकात ती मंडळी तंतुवाद्यांकडे वळली आणि आज मिरजेची सतार व तंबोरा यांना भौगोलिक मानांकन (२०२४) आहे. परदेशातला गिऱ्हाईक सतार घेताना काय विचारतो? भोपळा कुठला, किती वाळवलेला, जवारी कशी काढली आहे, थंड कोरड्या हवेत लाकूड तडकेल का, तडकल्यास काय करावे. उत्तरे कारागिराच्या बोटांत असतात. ती सरळ इंग्रजीत उतरवणारा माणूस घरात असला तर मधला दलाल कशाला लागतो? ‘उत्तम दर्जाची पारंपरिक सतार’ असे कोणीही लिहील. त्यावर कोणी पैसे पाठवीत नाही.

कोल्हापुरी चपलेचेही पाहा. तिला २०१९ मध्ये मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये अगदी तशाच चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते. इकडे ओरड झाल्यावर कंपनीने महाराष्ट्र चेंबरला कळवले की प्रेरणा भारतीय हस्तकलेचीच आहे. चप्पल तीच, कातडे तेच, फरक शब्दांचा. आपल्या मालाची कहाणी आपण लिहिली नाही तर दुसरा ती आपल्या नावाशिवाय विकतो.

तेव्हा हिमरूवाला असो, बिदरीवाला असो की अत्तरवाला, घरात असा पदवीधर असेल तर त्याला किंवा तिला दोन महिने कामाच्या जागी बसवावे. प्रत्येक हत्याराचे नाव, प्रत्येक पायरीला लागणारा वेळ, माल का नाकारला जातो, हे सारे वहीत टिपून घेऊ द्यावे. इंग्रजी त्यानंतर. मग दहा वस्तूंची माहितीपत्रके, गिऱ्हाइकाच्या पत्रांची उत्तरे, धुण्या-जपण्याच्या सूचना असे काम सोपवावे. परदेशी माल पाठवायला लागणारा आयात-निर्यात क्रमांक पाचशे रुपये भरून मिळतो, तो अर्जही तिच्याकडूनच भरून घ्यावा. आणि घरचीच मुलगी म्हणून फुकट लिहून घेऊ नये. पॉलिशवाल्याला जशी नगावर मजुरी देतो तशी तिची मजुरी आधी ठरवावी आणि महिन्याच्या हिशेबात तिच्या नावाने लिहावी. शेजारच्या दुकानदाराचे काम ती घेऊ लागली तर अडवू नये.