इंजेक्टर बदलले, पण हिशेबाचे काय?

मोठे इंजेक्टर आणि जास्त क्षमतेचा फ्युएल पंप बसवला की इंजिनाची ताकद वाढते, हा गाड्या मॉडिफाय करणाऱ्यांमधील सर्वांत रुळलेला गैरसमज आहे. ताकद ठरते ती सिलिंडरमध्ये किती हवा शिरते त्यावरून. पेट्रोल त्या हवेच्या प्रमाणात द्यायचे असते. हवा तेवढीच राहिली आणि पेट्रोल वाढले तर मिक्श्चर रिच होते, प्लग काळे पडतात आणि सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुतला जातो. टर्बोचा बूस्ट वाढवून हवा वाढवली की मगच मोठ्या इंजेक्टरची गरज भासते.

निसान सिल्व्हियाच्या एस13 पिढीतील एसआर20डीईटी या 2 लिटरच्या टर्बो इंजिनावर हा हिशेब स्वच्छ दिसतो. मूळ ताकद 205 पीएस, इंजेक्टर मिनिटाला 370 सीसीचे. चार मिळून 1480 सीसी झाले, पण इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही. 85 टक्के वेळ ही व्यवहारातली मर्यादा मानतात. उरले सुमारे 1260 सीसी, म्हणजे तासाला साधारण 56 किलो पेट्रोल. पूर्ण भारावर टर्बो इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला 270 ग्रॅमच्या आसपास पेट्रोल लागते. भागाकार केला की उत्तर 207 येते. कंपनीने हातचे फारसे राखलेले नाही, म्हणूनच बूस्ट वाढवणारे थेट 740 सीसीच्या इंजेक्टरकडे वळतात.

पंपाबाबतचा समज असा की मोठा पंप इंधनाचा दाब वाढवतो. प्रत्यक्षात रिटर्न लाइन असलेल्या गाडीत दाब रेग्युलेटर ठरवतो आणि जादा पेट्रोल टाकीत परत जाते. रेग्युलेटर किंवा रिटर्न लाइन लहान पडली तरच आयडलिंगला दाब चढतो. म्हणून पंप बदलल्यावर गेज लावून दाब तपासावा लागतो. पंपावर छापलेला आकडाही ठराविक दाबाचा आणि व्होल्टेजचा असतो. तासाला 255 लिटरचा पंप 3 बारला तेवढे देत असेल, तर 1 बार बूस्टला रेग्युलेटर दाब 4 बारवर नेतो आणि पंपाचा प्रवाह घटतो. जुन्या बारीक वायरिंगमध्ये व्होल्टेज पडले तर आणखी घट होते. उलट, नुसता दाब वाढवून इंजेक्टर ‘मोठा’ करण्याची युक्ती फार लांब जात नाही, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दाब 3 वरून 4 बार केला तर 370 चे 427 होतात. दाब वाढला 33 टक्के, पेट्रोल जेमतेम 15.

इंजेक्टर दुप्पट झाले म्हणून उघडण्याचा वेळ निम्मा केला की काम झाले, असेही मानले जाते. पण सिग्नल मिळाल्यापासून सुई उचलेपर्यंत सुमारे एक मिलिसेकंद वाया जातो. हा मृत काळ प्रत्येक इंजेक्टरचा वेगळा असतो आणि बॅटरीचे व्होल्टेज घटले की वाढतो. समजा, आयडलिंगला जुन्या इंजेक्टरचा सिग्नल 2.4 मिलिसेकंद होता आणि त्यातले 0.8 मृत होते. पेट्रोल पडत होते ते 1.6 मध्ये. नव्याला 0.8 पुरेल, त्याचा मृत काळ 0.9 असेल तर सिग्नल 1.7 हवा. सरसकट निम्मा, म्हणजे 1.2 दिला, तर पेट्रोलला 0.3 उरतात आणि गाडी बंद पडते. हेडलाइट आणि पंखा लावताच आयडलिंग ढासळणारी गाडी बहुधा याच आकड्यावर अडलेली असते. थंड इंजिन सुरू करताना लागणाऱ्या पेट्रोलचा तक्ता अनेक ईसीयूंमध्ये स्वतंत्र असतो. तोही बदलावा लागतो.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे इंधन बदलले तरी इग्निशनला हात लावायचे कारण नाही. निसानचा त्या काळचा ईसीयू इंजिनावरचा भार इंजेक्शनच्या मूळ वेळेतच मोजतो: हवेचा प्रवाह भागिले आरपीएम, गुणिले इंजेक्टरचा स्थिरांक. 740 सीसीसाठी स्थिरांक निम्मा केला की भाराचा आकडाही निम्मा होतो. इंधनाचा आणि स्पार्कचा, दोन्ही तक्ते याच आकड्याने वाचले जातात. त्यांच्या भाराच्या पट्ट्या त्याच प्रमाणात बदलल्या नाहीत, तर पूर्ण बूस्टवर असलेले इंजिन ईसीयूला अर्ध्या भारावर भासते आणि तो हलक्या भाराच्या रकान्यातले टायमिंग उचलतो. तिथे स्पार्क बराच आधी पडतो. परिणाम नॉकिंग, आणि बूस्टखालचे नॉकिंग पिस्टन फोडू शकते. एअरफ्लो मीटरचा सिग्नल कमी करून दाखवणाऱ्या स्वस्त उपकरणांतही हाच सापळा आहे. मिक्श्चर बरोबर दिसते, टायमिंग मात्र गुपचूप पुढे सरकलेले असते.

‘ईसीयू आपोआप शिकतो’ हे अर्धसत्य आहे. ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने तो साधारण 25 टक्क्यांपर्यंत चूक सावरतो, तीही सौम्य चालवताना. दुप्पट इंजेक्टर म्हणजे 100 टक्क्यांची चूक. शिवाय या पिढीचा ईसीयू ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर सेन्सरकडे बघतच नाही. मूळ सेन्सर आदर्श मिश्रणाच्या अलीकडे की पलीकडे एवढेच सांगतो, म्हणून ट्यूनिंगला वाइडबँड सेन्सर लागतो. त्याच्यावरही आंधळा विश्वास नको: मिक्श्चर फार रिच होऊन मिसफायर झाले, तर न जळलेल्या ऑक्सिजनमुळे गेज लीन दाखवतो आणि नवखा ट्यूनर आणखी पेट्रोल ओततो.

गेजवरचा 14.7 हा आकडाही शुद्ध पेट्रोलचा आहे. भारतात मिळणाऱ्या ई20 पेट्रोलचे आदर्श प्रमाण 13.5 च्या जवळ येते, म्हणून लॅम्डा वाचणे सोयीचे. कोणतेही इंधन असले तरी आदर्श मिश्रण म्हणजे लॅम्डा 1.

हे सारे विवेचन इनटेक मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांचे आहे. टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात कॅमशाफ्टवर चालणारा दुसरा पंप शंभरहून अधिक बार दाब देतो. तिथे टाकीतला पंप बदलल्याने फक्त या दुसऱ्या पंपाला पुरवठा वाढतो.