मतदानच न झालेले वॉर्ड

मे २०२२मध्ये वेल्सच्या सर्व २२ कौन्सिलांच्या निवडणुका झाल्या आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना त्यांत पहिल्यांदाच मताचा अधिकार मिळाला. वायव्येकडच्या ग्विनेद काउंटीत मात्र ६९पैकी २८ जागांसाठी एकेकच अर्ज आला, आणि तिथल्या मतदारांना कौन्सिलचा सदस्य निवडताच आला नाही. बिनविरोध निवड म्हणजे गावाचा एकोपा, असे यावर म्हटले जाते. सदस्य ओळखीचा आणि कामाचा असेल तर त्याच्याविरुद्ध उभे कोण राहणार? हे काही वॉर्डांत खरेही असेल. पण दुसरा अर्ज न येण्यामागे समाधान असते तसा पराभवाचा अंदाज असतो, नोकरीची अडचण असते, छोट्या गावात शेजाऱ्याशी वाकडे घेण्याचा संकोच असतो. मतमोजणीच झाली नाही, तर यातले कारण कोणते हे कळायचे कसे? आणि प्रश्न केवळ रस्त्यावरच्या दिव्यांचा नाही. दुसऱ्या घरांवर एप्रिल २०२३पासून १५० टक्के जादा कौन्सिल टॅक्स याच कौन्सिलने लावला. २०२१च्या जनगणनेत ज्या काउंटीत सुमारे ६४ टक्के लोक वेल्श बोलणारे निघाले, तिथे स्थानिक तरुणांना घर परवडते की नाही यावर भाषेचे भवितव्यही अवलंबून आहे. एवढा मोठा निर्णय घेणाऱ्याला मतदारांसमोर उभे राहावे लागलेच पाहिजे.

दोष मतदारांच्या उदासीनतेला देणे सोपे आहे. मला तो वॉर्डांच्या रचनेत दिसतो. ग्विनेदमधले बहुतेक वॉर्ड एकसदस्यीय आहेत, त्यामुळे प्रस्थापित सदस्यासमोर उभे राहणे म्हणजे सगळे किंवा काहीच नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ साली ६१ जागा बिनविरोध गेल्या होत्या. २००७मध्ये तीन-चार सदस्यांचे वॉर्ड आणि पसंतिक्रमाचे मतदान आले, तेव्हा अशी एकही जागा उरली नाही. पुढे तुरळक ठिकाणी बिनविरोध निवडी झाल्या, पण त्या अपवादच. मोठ्या वॉर्डामुळे सदस्य लोकांपासून दुरावेल, हा आक्षेप विरळ वस्तीच्या डोंगराळ भागात गंभीरच आहे. मात्र स्कॉटलंडच्या हायलँड भागातही हीच पद्धत चालते, आणि एका सदस्याने दाद दिली नाही तर दुसऱ्याकडे जाण्याची सोय मतदाराला मिळते. २०२१च्या कायद्याने वेल्सच्या कौन्सिलांना ही पद्धत निवडण्याची मुभा दिली, पण दोन-तृतीयांश सदस्यांच्या पाठिंब्याची अट घालून. २०२४मध्ये ग्विनेद कौन्सिलात बहुमत बदलाच्या बाजूने होते, तरी ही अट थोडक्यात हुकली. म्हणून २०२७ची निवडणूकही जुन्याच पद्धतीने होणार आहे.