स्पेस सिटी सिग्मा ते लोणारचं आकाश

दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’ ही अंतराळातली मालिका लागली की मेहकरच्या आमच्या वाड्यातली सगळी पोरं शेजारच्या काकांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीपुढे दाटीवाटीने बसायची. कॅप्टन तारा आणि झकाकूची झुंज आम्ही श्वास रोखून पाहायचो. मालिकेत माणसं घरातल्यासारखी चालायची. खऱ्या अंतराळस्थानकात मात्र ती तरंगतात. गुरुत्वाकर्षण तिथेही भरपूर असतं, पण स्थानक आणि माणसं पृथ्वीभोवती सोबतच सतत पडत असतात. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरचं आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक दीड तासात पृथ्वीला फेरी घालतं. २०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला तिथे राहून आले. सूर्यास्तानंतर लोणार सरोवराच्या काठावरूनही हे स्थानक कधीकधी ठळक ताऱ्यासारखं सरकताना दिसतं. वेळ पाहून मुलांना एकदा तरी दाखवाच.