चीनचे आकडे आणि तोरणमाळचा बाजार

शहाद्याहून म्हसावदमार्गे निघालं की सातपायरी घाट चढून तोरणमाळचं पठार लागतं. समुद्रसपाटीपासून साधारण साडेअकराशे मीटर उंची, यशवंत तलाव, सीताखाईची दरी, गोरक्षनाथाचं देऊळ आणि महाशिवरात्रीची यात्रा. पर्यटकाला एवढं पुरतं. पण या पठाराची आणि त्याखालच्या पाड्यांची आर्थिक प्रकृती कशी आहे, असं कुणी विचारलं, तर उत्तर कुठे शोधायचं? दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ येते. तिच्यात नंदुरबार जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न मिळतं. मात्र त्या एका आकड्यात नंदुरबार शहराची मिरचीची बाजारपेठ, शहाद्याचा सपाटीवरचा बागायती ऊस आणि धडगाव तालुक्यातला उतारावरचा मका, सगळं एकत्र कालवलेलं असतं. तोरणमाळ त्यातून वेगळं काढता येत नाही.

हाच पेच फार मोठ्या प्रमाणावर चीनमध्ये आहे. तिथले अर्थतज्ज्ञ, व्यापारी आणि खुद्द राज्यकर्ते गेली पंचवीस-तीस वर्षं त्यातून वाट काढत आले आहेत. त्यांच्या युक्त्या तोरणमाळला लावून पाहिल्या, तर काही लागू पडतात आणि काही उलट्या बसतात. उलट्या बसतात त्या जास्त शिकवतात.

ली केकियांग यांचे तीन आकडे

२००७ साली ली केकियांग ल्याओनिंग प्रांताचे पक्षप्रमुख होते. अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले. अमेरिकी राजदूताबरोबरच्या जेवणात त्यांनी सांगितलं, की प्रांताच्या सकल उत्पन्नाचे आकडे माणसांनी घडवलेले असतात, ते केवळ संदर्भापुरते. आपण स्वतः तीन गोष्टी पाहतो : विजेचा वापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांनी दिलेली कर्जं. राजदूताने हे वॉशिंग्टनला कळवलं आणि २०१०मध्ये विकिलीक्सने तो मजकूर जगासमोर आणला. ‘द इकॉनॉमिस्ट’ने लगेच त्याचा निर्देशांक करून टाकला. २०१३मध्ये हेच ली चीनचे पंतप्रधान झाले.

या निवडीमागचा विचार साधा आहे. सकल उत्पन्नाच्या आकड्यावर स्थानिक अधिकाऱ्याची बढती ठरत असे, म्हणून तो आकडा फुगवण्याचा मोह होता. विजेच्या मीटरवर, मालगाडीच्या वजनावर कुणाची बढती ठरत नव्हती. ली यांचा संशय पुढे खराही ठरला. २०११ ते २०१४ या काळात आपल्या प्रांताने महसुलाचे आकडे बनावट दिले, अशी कबुली ल्याओनिंगच्या गव्हर्नरने जानेवारी २०१७मध्ये दिली. वर्षभराने इनर मंगोलियानेही तशीच कबुली दिली.

त्याआधी, २००१मध्ये, थॉमस रॉस्की या अमेरिकी अभ्यासकाने अशीच विसंगती दाखवली होती. १९९७ ते २००० या काळात चीनचं उत्पन्न जवळपास २५ टक्क्यांनी वाढल्याची सरकारी नोंद होती, पण त्याच नोंदींत ऊर्जेचा वापर १२ टक्क्यांहून अधिक घटला होता. कारखाने वाढले, तर कोळसा कमी कसा जळाला?

तरीही तीन आकड्यांना सोन्याची कसोटी समजणाऱ्यांचीही फसगत झाली. २०१५मध्ये चीनमध्ये विजेचा वापर जेमतेम अर्धा टक्का वाढला, रेल्वेची मालवाहतूक सुमारे १२ टक्क्यांनी घसरली आणि सरकारने वाढीचा दर मात्र ६.९ टक्के सांगितला. अनेकांनी लबाडीचा निष्कर्ष काढला. त्यात तथ्य असेलही, पण अर्थव्यवस्थाही बदलली होती. पोलाद आणि सिमेंट मागे पडत होतं. दवाखाने, दुकानं, मोबाइलवरचे व्यवहार पुढे येत होते, आणि सेवाक्षेत्राचा वाटा निम्म्यावर गेला होता. सेवेला मालगाडी लागत नाही.

लोणच्याचा निर्देशांक

चीनमधल्या सगळ्या युक्त्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती लोणच्याची. फूलिंग इथे मोहरीच्या जातीच्या एका गड्ड्याचं खारवलेलं लोणचं होतं. त्याला जात्साय म्हणतात. ते स्वस्त असतं, आणि गाव सोडून कामाला आलेले मजूर ते नूडल्सबरोबर किंवा भाताबरोबर खातात. माणूस थोडा श्रीमंत झाला म्हणून ते दुप्पट खात नाही. खप वाढतो तो खाणारे वाढले की. २००७मध्ये फूलिंगच्या या लोणच्याच्या एकूण विक्रीत दक्षिण चीनचा वाटा ४९ टक्के होता. २०११मध्ये तो ३० टक्क्यांवर आला. नियोजनकर्त्यांनी यावरून ताडलं, की किनाऱ्यावरच्या कारखान्यांतले मजूर आतल्या प्रांतांकडे परतू लागले आहेत. जनगणना दहा वर्षांनी होते. लोणच्याच्या बरण्या दर महिन्याला मोजल्या जातात.

ही युक्ती सातपुड्यात चटकन समजते, कारण इथली अर्थव्यवस्थासुद्धा माणसांच्या ये-जा करण्यावर चालते. खरिपाची कापणी आटोपली की धडगाव आणि अक्कलकुव्याच्या पाड्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं दक्षिण गुजरातकडे ऊसतोडीला निघतात. ही चाल जुनी आहे. बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्यांसाठी खानदेशातून आणल्या जाणाऱ्या तोडणी मजुरांवर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात लिहिलं, तेव्हाही ती रुळलेली होती. मुकादम पावसाळ्यातच पाड्यावर येतो, उचल देतो आणि ‘कोयता’ बांधून घेतो. कोयता म्हणजे तोडणीची एक जोडी, बहुधा नवरा-बायको. हंगाम सुरू झाला की कोयत्याने उचल फेडायची.

आता इथे ली यांचा तिसरा आकडा लावून बघा. कर्जवाटप वाढलं, म्हणजे उद्योजकाला उद्याची खात्री आहे, असं तिथे वाचलं जातं. जुलै २०२४मध्ये चीनच्या बँकांनी खऱ्या अर्थव्यवस्थेला दिलेली कर्जं जवळपास दोन दशकांत पहिल्यांदाच आटली, तेव्हा ती मंदीची खूण मानली गेली, आणि ते बरोबरच होतं. पाड्यावर मात्र उचल हेच मुख्य कर्ज. ती लवकर घेतली गेली, जास्त घेतली गेली, तर घरातलं धान्य लवकर संपलंय किंवा दवाखान्याचा खर्च आलाय, एवढाच त्याचा अर्थ. कर्जाचा आकडा दोन्हीकडे वरच चढतो. पण तिथे तो उमेदीचा असतो आणि इथे अडचणीचा. निर्देशांकाला चिन्ह कुठलं लावायचं, अधिक की वजा, हे आकडा स्वतः कधीच सांगत नाही.

कुठे पिकलं आणि कुठे मोजलं

दुसरी अडचण हिशेबाच्या जागेची. तोरणमाळच्या पायथ्याचा मजूर बारडोलीला ऊस तोडतो, तेव्हा त्याच्या कष्टातून निपजलेलं मूल्य गुजरातच्या उत्पन्नात धरलं जातं. जिल्हा उत्पन्न म्हणजे त्या जिल्ह्याच्या हद्दीत निर्माण झालेलं मूल्य. तिथल्या माणसांच्या हाती पडलेला पैसा नव्हे. शिवाय बऱ्याच क्षेत्रांत राज्याच्या एकूण अंदाजातून, उपलब्ध मापांच्या प्रमाणात, जिल्ह्याचा वाटा काढला जातो.

विजेचंही तसंच. सरदार सरोवरासाठी महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, ती सगळी अक्राणी (म्हणजेच धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. प्रकल्पाच्या १४५० मेगावॉट विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. पण ती वीज जिथे जळते, तिथल्या समृद्धीच्या खात्यात तिची नोंद होते. एप्रिल २०१८मध्ये देशातली सर्व गावं विद्युतीकृत झाल्याची घोषणा झाली. मात्र सार्वजनिक ठिकाणी आणि दहा टक्के घरांत वीज पोचली, की व्याख्येप्रमाणे गाव विद्युतीकृत धरलं जातं. सातपुड्यात गाव म्हणजे डोंगरभर विखुरलेले पाडे. मुख्य पाड्यावर तारा आल्या, की बाकीचे पाडे अंधारात राहूनही गाव उजळल्याची नोंद होऊ शकते.

आणि माणसांची मोजणी? २०११च्या जनगणनेची मुख्य फेरी ९ ते २८ फेब्रुवारी अशी झाली. तेव्हा ऊसतोडीचा हंगाम भरात असतो आणि होळीला अजून अवकाश असतो. फेरीच्या सगळ्या दिवसांत जो घरी नाही, तो जिथे असेल तिथे मोजला जावा, असा नियम. उसाच्या फडाजवळच्या पालात तो मोजला गेला असेल, तर गुजरातचा झाला. निसटला असेल, तर कुठलाच नाही. २०२७च्या जनगणनेची संदर्भ तारीखही १ मार्चच आहे आणि होळी त्या वर्षीही त्यानंतरच येते.

चीनने हा घोळ आपल्या परीने अनुभवला आहे. तिथे माणसाची नोंद, म्हणजे हुकोऊ, गावाकडची आणि काम शहरातलं. अशा स्थलांतरित कामगारांची संख्या तीस कोटींच्या घरात आहे. कित्येक वर्षं दरडोई उत्पन्न काढताना शहरांच्या एकूण उत्पन्नाला फक्त नोंदणीकृत लोकसंख्येने भागलं जाई. त्यामुळे शेन्झेनसारखं स्थलांतरितांवर उभं राहिलेलं शहर होतं त्याहून कितीतरी श्रीमंत दिसे. भाजक चुकला, की खरा भाज्यही खोटं बोलतो.

दांडेकरांची पट्टी

उत्पन्नाच्या आकड्यावर न विसंबता मोजण्याची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला, तो रोजच्या २२५० उष्मांकांच्या आधारावर. पुढे १९८३मध्ये दांडेकरांच्याच अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शाळा, दवाखाने, पिण्याचं पाणी अशा प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टी तिने जिल्हावार मोजल्या, राज्याच्या सरासरीपेक्षा कोण किती मागे ते काढलं आणि ती तूट पैशांत मांडली. १९८४च्या अहवालात हा ‘अनुशेष’ सुमारे ३१८६ कोटी रुपयांचा निघाला, आणि तो शब्द पुढे राजकारणाच्या तोंडी कायमचा बसला.

पण पट्टी जिल्ह्याची होती. तेव्हा नंदुरबार धुळ्यातच होतं. स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. तापीकाठची सुपीक जमीन आणि सातपुड्याचा कडा एकाच सरासरीत गेले. जिल्हा वेगळा झाल्यावर चित्र उघडं पडलं. २०१२च्या राज्य मानव विकास अहवालात नंदुरबार तळाला होतं. नीती आयोगाच्या २०२१च्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात, २०१५-१६च्या पाहणीच्या आधारे, जिल्ह्यातले ५२ टक्के लोक गरीब ठरले, तर राज्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आत होतं. जी दरी आधीपासून होती, ती हद्द बदलल्यावर दिसू लागली.

आता तर पट्टीवरही डोळा असतो. २०१८मध्ये आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम आला, नंदुरबार त्यात आहे. ४९ निर्देशकांवर जिल्ह्यांची सुधारणा मोजून क्रमवारी लागते. स्पर्धेमुळे कामाला वेग येतो, हे खरं. पण जो आकडा गुणवत्तायादीसाठी वापरला जातो तो मोजमाप म्हणून कमजोर होत जातो, हे चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५मध्येच सांगून ठेवलं. ल्याओनिंगमध्ये घडलं ते नेमकं हेच. म्हणून अंगणवाडीच्या नोंदवहीतलं वजन एका बाजूला आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतलं वजन दुसऱ्या बाजूला ठेवून वाचावं लागतं. नंदुरबारमध्ये पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची आहेत, हे या पाहणीने एकामागून एक फेऱ्यांत नोंदवलं आहे.

भोंगऱ्याला काय पाहावं

मग तोरणमाळसाठी कुठले आकडे निवडावेत? कुणाचीही बढती ज्यावर ठरत नाही, असे. पहिला, आमचुराचा. धडगाव परिसरात एप्रिल-मे महिन्यांत कैऱ्या उतरवल्या जातात, सोलून त्यांच्या फोडी खडकावर, छपरावर, अंगणात वाळत घातल्या जातात. फोड पांढरी राहिली तर व्यापारी चांगला भाव देतो. अवकाळी पावसात भिजून काळी पडली, तर भाव कोसळतो. पावसाळ्याच्या तोंडावर बियाण्याचा खर्च याच पैशातून निघतो. आमचूर काळा पडलेल्या वर्षी मुकादमाची उचल वाढली का, हे ताडून पाहावं. दोन्ही गोष्टी एकमेकींशी बोलतात.

दुसरा, भोंगऱ्या बाजार. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यातल्या आठवडे बाजारांना हे रूप येतं. ढोल-बासऱ्या, गूळ, दाळ्या, साखरेचे हार, नवे कपडे आणि चांदीचे दागिने. गुजरातेत गेलेली माणसं याच सुमाराला परततात. चीनमध्ये नववर्षाच्या आगेमागे चाळीस दिवस घरी जाणाऱ्यांची झुंबड उडते. तिला ‘छुनयुन’ म्हणतात आणि अर्थविश्लेषक तिच्यावर नजर लावून बसतात : किती लोक लवकर परतले, कितीजण सणानंतर कामावर गेले. भोंगऱ्यालाही तसंच वाचता येतं. चांदी नवी घेतली जाते आहे, की गहाणाची सोडवली जाते आहे, की मोडली जाते आहे, हे सोनाराच्या दुकानात उभं राहिलं तरी कळतं. फडावरून माणसं होळीच्या कितीतरी आधीच आली असतील, तर हंगाम लवकर आटोपला. आलीच नसतील, तर उचल फिटायची राहिली असावी.

तिसरा, रोजगार हमीच्या कामाची मागणी. पण हाही जपून. मागणी घटली म्हणजे सुबत्ता आली, असं मंत्रालयात वाटू शकतं. मागणाराच बारडोलीला गेलेला असेल, तरी ती घटतेच. दिवाळीनंतरची मागणी आणि होळीनंतरची मागणी शेजारी ठेवून पाहिली, तरच तिचा अर्थ लागतो.

यातला कुठलाही आकडा एकटा पुरेसा नाही, आणि ली यांनीही एकाच आकड्यावर विसंबून चालवलं नव्हतं. त्यांनी तीन निवडले, आणि तीन आकडे एकमेकांना खोटं पाडू शकतात. २०२३च्या जूनमध्ये चीनमधल्या तरुणांची बेरोजगारी २१.३ टक्क्यांवर गेली, ऑगस्टमध्ये सरकारने ते आकडे देणंच थांबवलं, आणि २०२४च्या जानेवारीत विद्यार्थ्यांना वगळून नवा, कमी आकडा दिला. आकडा बंद होणं हीसुद्धा एक खबर असते.

पुढच्या मार्चमध्ये आर्थिक पाहणी हातात आली, की जिल्ह्यांच्या तक्त्यात नंदुरबारसमोरचा आकडा जरूर बघावा. मग विचारावं : हा कुणी गोळा केला, तो मोठा दिसण्यात कुणाचा फायदा, आणि ज्यांच्या नावावर तो भागला ती माणसं तेव्हा होती कुठे? बीजिंगच्या तक्त्यालाही हेच तीन प्रश्न लागतात. फरक एवढाच, की तिथे उत्तर शोधायला उपग्रहाची छायाचित्रं आणि लोणच्याच्या बरण्या वापराव्या लागतात. आपल्याकडे मुकादमाची वही, सोनाराचं दुकान आणि धडगावचा बाजार उघड्यावर आहे, आणि तिथे जाऊन विचारायला कुणाची मनाई नाही.